गव्हाबरोबर काय काय आले?

शाळेच्या कुंपणाला लागून, एस.टी. थांब्याच्या मागे, पडीक बखळीत किंवा नव्याने माती टाकलेल्या रस्त्याच्या कडेला एक वनस्पती हमखास दिसते. तिची पाने गाजराच्या पाल्यासारखी आणि फुले पांढरी, बारीक. कोणी तिला गाजर गवत म्हणते, कोणी काँग्रेस गवत, तर कोणी चटक चांदणी. खरे तर हे गवत नव्हेच. सूर्यफूल, शेवंती, झेंडू ज्या कुळातले, त्याच कुळातली ही वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळ घर अमेरिका खंडातला उष्ण प्रदेश. ती आपल्याकडे आली कशी, असे विचारले तर मुले, पालक आणि पुष्कळदा आपण शिक्षकही एकच उत्तर देतो : "अमेरिकेच्या गव्हातून आली. पी.एल. ४८० मधून."

हे उत्तर बरोबर आहे का? प्रश्न जीवशास्त्राच्या तासाचा वाटतो, पण तो सोडवायला इतिहासाच्या तासाला बसावे लागते. पी.एल. ४८० म्हणजे काय, हा गहू आला का, कोणत्या अटींवर आला आणि कधी आला, हे कळल्याशिवाय गवताबद्दलच्या दाव्याची तपासणी होत नाही. म्हणून आधी गव्हाकडे वळू.

पहिला गहू आणि मोनाझाइट

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले आणि अमेरिका व सोव्हिएत युनियन यांच्यात जे वैर सुरू झाले, ते सोव्हिएत युनियनचे १९९१ साली विघटन होईपर्यंत टिकले. यालाच आपण शीतयुद्ध म्हणतो. साम्यवाद आणखी पसरू द्यायचा नाही, हे या काळातल्या अमेरिकी परराष्ट्र धोरणाचे मुख्य सूत्र होते. त्यासाठी लष्करी करार झाले, तळ उभे राहिले, कोरिया आणि व्हिएतनाममध्ये युद्धे झाली. पण उपाशी माणूस साम्यवादाकडे लवकर वळतो, असेही अमेरिकेतल्या अनेकांना वाटत होते. १९४९ साली चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आल्यावर ही भीती वाढली. त्यामुळे धान्य हेही परराष्ट्र धोरणाचे एक साधन झाले.

फाळणीत पंजाब आणि सिंधचा बराचसा गहू पिकवणारा प्रदेश पाकिस्तानात गेला होता. त्यात १९५० साली अनेक भागांत पिके बुडाली. भारताने अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागितले. अध्यक्ष ट्रूमन यांनी फेब्रुवारी १९५१ मध्ये तशी शिफारस केली, पण अमेरिकी काँग्रेसमध्ये तो प्रस्ताव महिनोन्‌महिने रखडला. कारण उघड होते. कोरियाचे युद्ध चालू होते. चीनला आक्रमक ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाला भारताने नुकताच विरोध केला होता. जो देश आपल्या बाजूने मत देत नाही, त्याला गहू का द्यायचा, असा तिथल्या अनेक सदस्यांचा सवाल होता.

दुसरी मागणी विज्ञानाच्या शिक्षकांना जास्त रस वाटेल अशी आहे. गव्हाच्या बदल्यात भारताने मोनाझाइट द्यावे, असा आग्रह काही सदस्यांनी धरला. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत सापडणारे हे खनिज. त्यात थोरियम असते आणि थोरियमपासून अणुइंधन तयार करता येते. भारताने त्याच्या निर्यातीवर बंदी घातलेली होती. नेहरूंनी हा आग्रह मानला नाही. याच सुमारास सोव्हिएत युनियन आणि चीन यांनीही धान्य देऊ केले. त्यांचे धान्य तुलनेने थोडे होते, पण त्यामुळे अमेरिकेतली चर्चा पुढे सरकायला मदत झाली. अखेर १५ जून १९५१ रोजी ट्रूमन यांनी कायद्यावर सही केली. देणगीऐवजी १९ कोटी डॉलरचे कर्ज मिळाले. काही परतफेड खनिजांच्या रूपाने करण्याची सोय कायद्यात राहिली, पण मोनाझाइटची सक्ती गळाली. गंमत अशी की या कर्जाच्या व्याजातले पहिले ५० लाख डॉलर भारतीय विद्यापीठांसाठी अमेरिकी पुस्तके, प्रयोगशाळेची उपकरणे आणि अभ्यासदौरे यांसाठी राखून ठेवण्यात आले. एकाच कायद्यातून गहू, खनिजाची घासाघीस आणि ग्रंथालयातली पुस्तके असे सगळेच आले.

पी.एल. ४८० म्हणजे काय?

पी.एल. म्हणजे 'पब्लिक लॉ'. अमेरिकेचा हा ४८० क्रमांकाचा कायदा अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १० जुलै १९५४ रोजी संमत केला. त्यामागे तीन कारणे एकत्र आली होती.

पहिले कारण घरचे होते. शेतकऱ्यांना भाव मिळावा म्हणून अमेरिकी सरकार धान्य विकत घेत होते. पीक इतके येई की कोठारे पुरेनात. महायुद्धातली जुनी मालवाहू जहाजे हडसन नदीत नांगरून ठेवली होती, त्यांतही गहू भरून ठेवावा लागला. दुसरे कारण माणुसकीचे. जगात भूक होती आणि इकडे धान्य साठून पडले होते, हे अनेक अमेरिकी नागरिकांना खरोखरच टोचत होते. तिसरे कारण शीतयुद्धाचे. हे धान्य फक्त 'मित्र' राष्ट्रांना द्यायचे होते आणि सोव्हिएत युनियन व त्याच्या अंकित देशांना कायद्यानेच वगळले होते. या तीन कारणांपैकी एकच खरे आणि बाकीची ढोंग, असे मानले तर पुढचा इतिहास नीट समजत नाही.

याच १९५४ साली अमेरिकेने पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार केला. म्हणजे शेजाऱ्याला शस्त्रे आणि दोन वर्षांनी आपल्याला गहू. भारताशी पी.एल. ४८० चा पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ रोजी झाला. सर्वांत मोठा करार ४ मे १९६० चा. भारताच्या वतीने त्यावर सही केली ती मुंबईचे नेते आणि तेव्हाचे केंद्रीय अन्नमंत्री स. का. पाटील यांनी. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ भारताला मिळणार होता. हा आकडा मुलांना नुसता सांगू नका, त्यांना गणित घालून द्या. एका जहाजात १० हजार टन धान्य मावते असे धरू. मग १ कोटी ७० लाख टनांसाठी १,७०० खेपा झाल्या. चार वर्षांचे दिवस १,४६१. म्हणजे रोज एकाहून थोडे अधिक जहाज, तेही चार वर्षे खंड न पडता.

या कराराची मोठी सोय अशी की पैसे डॉलरमध्ये द्यायचे नव्हते. भारत रुपयांत किंमत भरे आणि ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर जमा होत. त्यातला मोठा भाग पुन्हा भारत सरकारलाच विकासकामांसाठी कर्जाऊ मिळे. काही भाग अमेरिकी वकिलातीच्या खर्चाला, तर काही इथे काम करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या कर्जांना जाई. १९६२ पासून याच रुपयांतून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. त्यांत मराठी पुस्तकेही होती. गहू इकडे आला आणि त्याच्या किमतीतून मराठी कथा-कादंबऱ्या शिकागोपर्यंत पोहोचल्या.

स्वस्त परदेशी धान्याने आपल्या शेतकऱ्याचे भाव पडतात का, शेतीकडे सरकारचे दुर्लक्ष होते का, यावर तेव्हाही वाद होता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून नीळकंठ रथ आणि व्ही. एस. पटवर्धन यांनी पी.एल. ४८० च्या परिणामांवर १९६७ साली पुस्तकच लिहिले. म्हणजे ही चर्चा केवळ पारावरची नव्हती.

महिन्याच्या बोलीवर गहू

१९६५ आणि १९६६ या दोन्ही वर्षी पावसाने दगा दिला. बिहारमध्ये दुष्काळ पडला. १९६६ साली भारताला एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात करावे लागले आणि त्यातले बहुतेक अमेरिकेतून आले. जहाज बंदराला लागले तरच रेशनच्या दुकानात गहू, अशी अवस्था होती. या गव्हाने लाखो माणसे जगली, ही गोष्ट कोणत्याही राजकीय मतभेदापोटी नाकारता येणार नाही.

पण याच काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार थांबवले. थोड्या थोड्या महिन्यांपुरताच गहू मंजूर व्हायचा आणि पुढची खेप कधी सोडायची हे जॉन्सन जातीने ठरवायचे. त्यांचे एक म्हणणे असे होते की भारताने शेतीत पैसा घालावा, खते आणि सुधारित बियाणे आणावे. अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनाही तेच हवे होते. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे त्यांचे आणि अमेरिकेचे शेतीमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांचे तसे ठरलेही. पण दुसरी बाजूही होती. व्हिएतनाममधल्या अमेरिकी बॉम्बवर्षावावर भारत टीका करत होता. जुलै १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी बॉम्बहल्ले थांबवण्याची मागणी केली. वॉशिंग्टनला ते झोंबले आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धात गव्हाच्या मंजुऱ्या रेंगाळल्या. क्यूबा आणि उत्तर व्हिएतनामशी व्यापार करणाऱ्या देशांवर बंधने घालणारी दुरुस्तीही १९६६ सालीच या कायद्यात झाली.

भारताने १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले. १९६४-६५ साली देशात गव्हाचे उत्पादन सुमारे १ कोटी २३ लाख टन होते. १९७०-७१ साली ते सुमारे २ कोटी ३८ लाख टनांवर गेले. १९७१ च्या बांगलादेश युद्धात अमेरिकेने आपल्या सातव्या आरमाराची जहाजे बंगालच्या उपसागरात पाठवली. त्याच वर्षाअखेर पी.एल. ४८० ची सवलतीची धान्य-आयात संपली. उरलेल्या रुपयांचा हिशेब १८ फेब्रुवारी १९७४ रोजी मिटला. राजदूत मॉयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला.

गव्हाचे झाले तेच थोड्या फरकाने तारापूरला युरेनियमचे झाले. १९६३ च्या करारानुसार अमेरिकी कंपनीने उभारलेले अणुवीजकेंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. त्याला लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेतूनच यायचे. १९७४ च्या पोखरणच्या चाचणीनंतर, आणि १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केल्यावर, हा पुरवठा अडत गेला. १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधन घ्यायचे ठरले. इथे एक फरक मुलांच्या ध्यानात आणून द्यावा. गव्हाचे बियाणे एकदा हाती आले की शेतकरी ते आपल्या शेतात वाढवू शकतो. समृद्ध युरेनियमचे तसे नाही. अवलंबून राहणे सगळ्या वस्तूंच्या बाबतीत सारखेच नसते.

आता गवताकडे

दाव्याची तपासणी करायची तर पुरावे एकेक करून मांडू.

गव्हातून तणाचे बी येऊ शकते का? नक्कीच येऊ शकते. गाजर गवताच्या एका झाडाला हजारो बिया येतात आणि त्या एक-दोन मिलिमीटरच्या, हलक्या असतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये हे तण टेक्सासहून आणलेल्या चाऱ्याच्या बियाण्यातून शिरल्याची नोंद आहे. तेव्हा हा मार्ग शक्य आहे.

रसायनशास्त्र काय सांगते? या वनस्पतीत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. अंगाला खाज सुटणे, चट्टे उठणे यामागे मुख्यतः तेच आहे. पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये या त्वचारोगावर शोधनिबंध लिहिला. दक्षिण अमेरिकेतल्या काही भागांतल्या झाडांत पार्थेनिनऐवजी हायमेनिन हे त्याचे भावंड आढळते. भारतातल्या झाडांत उत्तर अमेरिकेतल्याप्रमाणे पार्थेनिन आहे. म्हणजे 'उत्तर अमेरिकेतून' इथपर्यंत दावा टिकतो.

तारखा काय सांगतात? भारतातली ही वनस्पती नवी म्हणून प्रसिद्ध झाली ती १९५६ साली, आर. एस. राव यांच्या टिपणातून. त्यांना ती पुण्यात उकिरड्यांवर दिसली होती. त्याआधी १९५१ मध्ये प्रा. परांजपे यांनी पुण्यातच तिची तुरळक झाडे दाखवून दिली होती, असे तज्ज्ञांच्या लेखनात नोंदलेले आहे. आता वर पाहा. पी.एल. ४८० चा कायदा १९५४ चा आणि भारताशी करार ऑगस्ट १९५६ चा. कारण कार्याच्या आधी यावे लागते. जो गहू अजून निघालाच नव्हता, त्यातून १९५१ साली बी कसे येईल?

मग १९५१ च्या कर्जाच्या गव्हातून आले असेल का? पण कायद्यावर सही जूनमध्ये झाली. त्याच वर्षी जहाज येऊन, बी सांडून, झाडे वाढून ती कोणाच्या नजरेस पडणे अगदीच अशक्य नाही, पण वेळ फार थोडा उरतो. शिवाय जुन्या नोंदी आहेत. रॉक्सबर्ग यांच्या १८१४ च्या कलकत्त्याच्या उद्यानातील वनस्पतींच्या यादीत हे नाव आहे, आणि डेहराडूनच्या वनस्पतिसंग्रहात १८८० सालचा नमुना असल्याचे पुढे निदर्शनास आणले गेले. म्हणजे गवत एकदाच आले नाही. ते निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या वाटांनी आले असावे. त्यातली एखादी वाट पी.एल. ४८० चीही असेल, पण ती पहिली नव्हती.

आणखी एक बारकावा आहे. 'पहिल्यांदा पुण्यात दिसले' याचा अर्थ 'पहिल्यांदा पुण्यात आले' असा होत नाही. १९५५ सालीच पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची पश्चिम विभागीय कचेरी सुरू झाली. उकिरड्यावरचे नवे झाड ओळखणारी नजर जिथे असते, तिथेच ते 'प्रथम' सापडते. ज्या गावात असे कोणी नव्हते, तिथल्या गवताची नोंद कोण करणार?

मग लोक असे का म्हणतात?

दावा ढिला ठरला म्हणून लोकांची समजूत टाकाऊ ठरत नाही. साठीच्या दशकातल्या टंचाईत आणि पुन्हा १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्राने परदेशी धान्य खाल्ले. लालसर 'मिलो' ज्वारीची आठवण आजही घरोघरी निघते. अमेरिकेत हे धान्य मुख्यतः जनावरांना घालतात, हे कळल्यावर लोकांना अपमान वाटला. (१९७२ चे धान्य पी.एल. ४८० चे नव्हते, ते विकत घेतलेले होते. पण आठवणीत दोन्ही एक झाली आहेत.) त्याच वर्षांत हे तण पडीक जमिनी आणि रस्त्यांच्या कडा व्यापत होते. दोन गोष्टी एका काळात घडल्या आणि लोकांनी त्यांची गाठ मारली. गव्हाबरोबर अटीही आल्या होत्या, हे लोकांना जाणवले होते. मोनाझाइटची मागणी किंवा जॉन्सन यांच्या रेंगाळलेल्या मंजुऱ्या गावात कोणाला दिसत नव्हत्या. गवत मात्र बांधावर दिसत होते.

म्हणून वर्गात सांगताना दोन्ही टोके टाळावीत. 'अमेरिकेने मुद्दाम तण पाठवले' याला कोणताही पुरावा नाही. 'अमेरिकेने केवळ दयेपोटी गहू दिला' हेही कागदपत्रांशी जुळत नाही. गहू खरा होता, वाचलेले जीव खरे होते आणि दबावही खरा होता.

वर्गाबाहेरचा अभ्यास

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरेच्या खोऱ्यातून, हिरडस मावळातून वरंध घाटाकडे जातो. या वाटेवरच्या हिर्डोशीसारख्या गावातल्या शिक्षकाला हा विषय शिकवायला पुस्तकाचीही गरज नाही. या खोऱ्यात पावसाचे भात, नाचणी आणि वरई ही परंपरेची पिके. तेव्हा गव्हाची पोळी रोजच्या ताटात केव्हा आली, रेशनचे दुकान आधी कोणत्या गावी होते, 'मिलो' कोणी खाल्ली, ती भाकरी कशी लागायची, हे मुलांनी आजी-आजोबांना विचारावे. उत्तरासोबत एखादी खूण मागावी : लग्न, धाकट्या भावाचा जन्म, शाळा सुरू झाल्याचे साल. त्यावरून वर्ष पक्के करता येते. दोन घरांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही लिहून ठेवाव्यात.

दुसऱ्या गटाने गवत मोजावे. रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर आणि दाट झाडीत प्रत्येकी एक मीटर लांब-रुंद असे दहा चौकोन आखायचे आणि झाडे मोजायची. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधल्याशिवाय झाड उपटू नये आणि दम्याचा किंवा त्वचेचा त्रास असलेल्या मुलांनी फक्त नोंदी कराव्यात. आकडे हाती आले की तण रस्त्याने येते, पाण्याने येते की नांगरटीमागे येते, याचा काही अंदाज बांधता येईल. मोजणी पावसाळ्यानंतर करावी आणि पुढच्या वर्षी त्याच चौकोनांत पुन्हा करावी.

दोन्ही गटांच्या वह्या शेजारी ठेवल्या की मुलांना एक प्रश्न विचारावा : गव्हाबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून, आणि गवताबद्दल जे माहीत आहे ते कशावरून? या प्रश्नावर एक तास सहज जाईल.